आमची वाटचाल : हाऊजीच्या तिकिटापासून पाढ्यांच्या बिंगोपर्यंत

वडिलांचं ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईचं यंत्र होतं, लग्नपत्रिका आणि बिलबुकं छापायचे. हाऊजीची तिकिटं मी सुरू केली, तर लोक म्हणायचे त्यात काय, आकडेच तर छापायचे. अहो, तीन ओळी, नऊ रकाने, ओळीत पाचच आकडे, आणि सहा तिकिटांच्या पट्टीत १ ते ९० सगळे एकेकदाच आले पाहिजेत. खिळे, म्हणजे छपाईचे शिशाचे ठसे, जुळवायला बसलं की दिवस जायचा. त्यात इंग्रजी ६ उलटा बसला की ९ होतो, म्हणून खिळ्याची खाच बोटानं चाचपून बसवायचा. ते झिजलेले खिळे अजून डब्यात ठेवलेत.

मग खिळे न जुळवता छापणारं ऑफसेट आलं, धंदा बरा चालला.

आमच्याकडंच कटिंगला असलेला पोरगा सगळं बघून गेला आणि शेजारच्या गल्लीत आमच्यासारखंच पिवळं पाकीट काढलं, बंडलामागं पाच रुपये कमी. त्याच्या काही तिकिटांत एका ओळीत सहा आकडे! एका मंडळात टॉप लाइनवरून, म्हणजे वरची ओळ आधी कुणाची भरली यावरून भांडणं, आणि फोन मला, "पिवळं पाकीट म्हणजे तुम्हीच की ओ." एवढी वर्षं खाच चाचपली आणि नाव खराब झालं पाकिटाच्या रंगावरून. ते निस्तरतोय तर २०२० चं लॉकडाऊन, लोक हाऊजी मोबाईलवर खेळायला लागले. छापलेल्या बंडलांना वाळवी लागली, ट्रेडल भंगारात गेलं, किलोवर. त्या दिवशी मी जेवलो नाही.

तरलो ते एका शाळेच्या बाईंमुळं. त्या आधीपासून दरवर्षी वर्गात आकडे शिकवायला तिकिटं न्यायच्या. त्यांच्या वर्गातली निम्मी पोरं घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलणारी, त्या भाषांत आधी वीस मग एक, मराठीत एकवीस म्हणजे एक आधी, मग पोरं २१ चे १२ करतात. त्यात एकोणतीस, एकोणपन्नास तर विचारूच नका. २०१९ ला बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" आणलं तेव्हा केवढा गदारोळ, पण बाई म्हणाल्या, आमच्या पोरांना ते लगेच कळलं.

शाळा उघडल्यावर त्या म्हणाल्या, पाढ्यांचा बिंगो काढा, आपण "सात आठे" म्हणायचं, पोरानं ५६ शोधायचा. मी शहाणपणा करून हाऊजीचीच तिकिटं दिली. घंटा झाली तरी एकाचंही फुल हाऊस, म्हणजे तिकिटावरचे सगळे आकडे भरले नाहीत! ५३, ५९, ६७ दहापर्यंतच्या कुठल्याच पाढ्यात येत नाहीत ना. बाई चिडल्या नाहीत, ते तिकीट भिंतीला लावलं आणि पोरांनाच विचारलं, अडलं कुठं.

मग पाढ्यांतलेच आकडे घेऊन नवीन कार्ड बसवलं. २४ चार वेळा येतो, ४९ एकदाच, ते बघून वाटावे लागतात. नवीन कुणी हे काम करणार असेल तर आधी वहीत मांडा, कॉम्प्युटरवर नंतर. आणि लॅमिनेशन करा, पोरं चिंचोके ठेवतात, पेननं खोडू देऊ नका. मी सोबत प्लास्टिकच्या सोंगट्या दिल्या होत्या, बाईंनी परत पाठवल्या, म्हणे चिंचोके फुकट मिळतात, त्याचे पैसे कमी करा. केले.