बहात्तरची सवाई नव्वद

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि त्याच रात्री लिहायला बसले. समितीने 'शाळेच्या आठवणी' मागितल्या आहेत. मला मात्र बाईंबद्दलच लिहायचं आहे. नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत नुसतं 'बाई' म्हटलं की कोण, हे शहात्तरच्या आमच्या बॅचला सांगावं लागत नाही, आणि पुढच्या वीस बॅचेसनाही नाही. गेल्या आषाढात बाई गेल्या. वय झालं होतं, शेवटपर्यंत हिंडत्या-फिरत्या होत्या. तरी बातमी कळली तेव्हा माझा दिवस सरेना.

बहात्तरच्या दुष्काळात मी सातवीत होते. त्याआधीची दोन वर्षंही कोरडीच गेली होती, त्या वर्षी तर माणगंगेच्या पात्रात झरे खणूनसुद्धा पाणी लागेना. खरसुंडीच्या बाजारात खिलारी बैल मिळेल त्या किमतीला जात होते. आमची जोडी तिथेच विकली. वडील घरी आले ते दावी खांद्यावर टाकून, आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. घरात लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, भाकरी. त्यांना चव नव्हती, पण त्या होत्या. शाळेत सुकडी मिळायची. आई-वडील दोघंही खरसुंडीच्या रस्त्याला खडी फोडायला जायचे. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, हे मी पुढे नोकरीत असताना वाचलं. तेव्हा आम्हाला एवढंच दिसायचं की सकाळी गाव रिकामं होतं आणि दिवेलागणीला पांढऱ्या धुळीनं माखून परत येतं.

बाईंच्या घरी त्या वेळी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, पोस्टातल्या नोकरीमुळे सतत फिरतीवर असलेले यजमान, आमच्याच वर्गातली थोरली लेक, मधला मुलगा आणि सहा महिन्यांचं तान्हं. एवढं सगळं सांभाळून त्यांनी शाळेच्या पडवीत बायकांसाठी रात्रीचा वर्ग काढला. सरकारचा प्रौढ शिक्षणाचा मोठा कार्यक्रम १९७८ साली आला. बाईंचा वर्ग त्याच्या सहा वर्षं आधीचा. कुणी सांगितलं नव्हतं, मानधन नव्हतं. कंदिलाचं रॉकेल बाईंच्या घरचं आणि पाट्या पहिलीच्या पोरांच्या, संध्याकाळी मागून घेतलेल्या.

माझी आई जायला तयार नव्हती. "बाई, हातोडा धरून बोटं वळंनात, पेन्शील कशी धरू?" असं ती म्हणाली होती. बाई म्हणाल्या, "वैनी, हातोडा धरता येतो ना? मग पेन्सिल हलकीच आहे." आणि त्यांनी अ-आ-इ-ईपासून सुरुवात केलीच नाही. पहिल्या दिवशी आकडे आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचं नाव. कामावरच्या हजेरीपटावर आपलं नाव कुठं आहे, पुढे किती दिवस मांडलेत, हे प्रत्येकीला वाचता आलं पाहिजे, बाकीची बाराखडी मागून येईल, असं त्यांचं म्हणणं. नाव लिहायचं म्हणजे मध्ये नवऱ्याचं नाव आलं. बायका थांबल्या. नवऱ्याचं नाव घेणार कोण? बाई म्हणाल्या, "तोंडानं घेऊ नका, हातानं घ्या." सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग एकेकीनं ते नाव पाटीवर घेतलं. आमच्या आईनं तर तीन वेळा पुसून नीट लिहिलं.

बाईंचं तान्हं त्याच पडवीत जुन्या लुगड्याच्या झोळीत निजलेलं असायचं. झोळीची दोरी एका बाईच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. ती अक्षर गिरवता गिरवता पाय हलवायची. तिला फळ्यापाशी बोलावलं की दोरी दुसरीच्या अंगठ्याला. त्या मुलाला गावातल्या निम्म्या बायकांनी झोके दिलेत. आज तो पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे, पण त्या वर्गातल्या ज्या म्हाताऱ्या उरल्यात त्या अजून त्याला 'झोळीतला' म्हणतात.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी मी हा लेख लिहिते आहे. तशी लहानशीच आहे.

सातवीला आम्हाला घनफळ होतं. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, हे आम्ही पाठ म्हणायचो आणि कोणाच्याच डोक्यात काही शिरत नव्हतं. एका शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर बाईंनी अख्खा वर्ग खडीच्या कामावर नेला. जाताना शिंप्याकडून टेप मागून घेतली. रस्त्याच्या कडेनं खडीचे चट्टे लावलेले होते, ज्याचा त्याचा वेगळा. मजुरी चट्ट्याच्या मापावर. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट उंच म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे एक ब्रास, हे बाईंनी तिथं उभं राहून सांगितलं आणि मग विचारलं, "कोणाच्या आईचा चट्टा मोजायचा?" मी हात वर केला.

टेपचं एक टोक बाईंच्या लेकीनं धरलं, दुसरं मी. लांबी बारा फूट, रुंदी सहा. वरून अंग आत गेलेलं, म्हणून बाईंनी खालची आणि वरची अशी दोन्ही मापं घ्यायला लावून मधलं धरायला शिकवलं. उंची सव्वा फूट. बारा सक बहात्तर. पुढे सव्वानं गुणायचं तर आम्ही सगळी पोरं जमिनीवर काडीनं मांडणी करायला बसलो, आणि बाजूला खडी फोडत बसलेल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी मान वर न करता सांगितलं, "बहात्तरची सवाई नव्वद." त्यांना सवायकी, म्हणजे सव्वाचा पाढा, तोंडपाठ होती. बाईंनी त्यांना तिथंच हात जोडले.

नव्वद घनफूट. मुकादमानं काठीनं मापून पाऊण ब्रास सांगितलं होतं, म्हणजे पंचाहत्तर. आई बाईंकडे बघत राहिली. तिथं भांडण होईल असं आम्हाला वाटलं. बाईंनी आवाजसुद्धा चढवला नाही. ओव्हरसियरसाहेब सायकलवरून येईपर्यंत त्या उन्हात थांबल्या, आम्हालाही थांबवलं, आणि ते आल्यावर म्हणाल्या, "साहेब, आमच्या मुलीनं घनफळाचं उदाहरण सोडवलंय, तपासून देता का?" आणि मला मोठ्यानं वाचायला लावलं. माझे पाय लटपटत होते. साहेबांनी पोकळीसाठी वजावट धरावी लागते वगैरे सांगितलं. बाई म्हणाल्या, "जरूर धरा. सगळ्यांची सारखी धरा. पण आधी माप लिहा." साहेबांनी टेप मागून घेतली, स्वतः मापलं आणि वहीत नव्वद लिहिलं. तिथून पुढे त्या कामावर प्रत्येक चट्टा टेपनं मोजला गेला. रात्रीच्या वर्गातल्या बायका आपापला चट्टा आधीच मोजून ठेवायच्या आणि कडा अशा सरळ लावायच्या की पुढे नोकरीत ठेकेदारांचे चट्टे पाहताना मला त्या बायका आठवायच्या. त्या आठवड्याला आईनं बाजारातून गूळ आणला. दुष्काळ लागल्यापासूनचा पहिला.

मी त्यानंतर गणितात मागे पडले नाही. शहात्तरला दहावी झाले, सांगलीला वालचंदमध्ये सिव्हिलचा डिप्लोमा केला. मुलीला कशाला ते खडी-सिमेंटचं शिक्षण, असं घरचे म्हणत होते, तेव्हा बाई दोनदा आमच्या घरी येऊन वडिलांशी बोलल्या. होस्टेलवर त्यांची पोस्टकार्डं यायची. १९७७ला रोजगार हमीचा कायदा झाला तेव्हा त्यांनी लिहिलं होतं की आपल्याच जिल्ह्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात १९६५ साली या योजनेचा पहिला प्रयोग केला. आता मागेल त्याला काम हा हक्क झाला. तू मापं घेणारी होणार आहेस, तेव्हा लक्षात ठेव. पुढे मी पाटबंधारे खात्यात लागले, पाझर तलावांपासून टेंभू उपसा सिंचन योजनेच्या कालव्यांपर्यंत कामं केली आणि उपविभागीय अभियंता म्हणून निवृत्त झाले. मोजमाप पुस्तकात आकडा लिहिताना टेपचं दुसरं टोक कोणाच्या हातात आहे हे मी आयुष्यभर बघत आले. टेंभूचं पाणी आटपाडीकडे आलं तेव्हा बाईंना गाडीत घालून कालव्यावर नेलं. त्यांनी काठावर उभं राहून कालव्याची रुंदी विचारली, खोली विचारली आणि तोंडातल्या तोंडात हिशेब केला.

निवृत्तीनंतरही बाई बसल्या नाहीत. १९९३च्या ३० सप्टेंबरला किल्लारीला भूकंप झाला तेव्हा त्यांनी घरोघर फिरून गोधड्या गोळा केल्या, कारण पुढे थंडी येणार हे त्यांच्या आधी लक्षात आलं. आणि ट्रकमध्ये बसून स्वतः गेल्या. १९९५ला पल्स पोलिओ सुरू झाला तेव्हापासून वाडी-वस्तीवरची एकही आई त्यांनी चुकू दिली नाही. तेव्हा कडेवर त्यांची स्वतःची नात असायची. इतर मुलांच्या आयांना धीर यावा म्हणून पहिला डोस त्या नातीला सगळ्यांसमोर द्यायला लावायच्या. बचत गटाच्या वह्या तपासायला त्या पार ऐंशीपर्यंत जात होत्या.

बाईंच्या तेराव्याला त्यांच्या लेकीशेजारी बसले होते. ती म्हणाली, "आमच्या वाट्याला आई रात्री दहानंतर यायची." वर्ग सुटल्यावर बाई घरी येऊन सासूबाईंचं आवरायच्या आणि मग लेकीला पुढ्यात बसवून वेणी घालायच्या, सकाळी वेळ नसतो म्हणून. ही अर्धवट झोपेत, बाई हळू आवाजात दिवसभराचं विचारणार. शाळेत तिला आई म्हणायची मुभा नव्हती, तिथं त्या तिच्याही बाईच. वर्गानं दंगा केला की आधी बोलणी तिलाच बसायची. "पण ती वेणी दिवसभर सुटायची नाही," असं म्हणून तिनं पदर डोळ्यांना लावला. बाईंची नात आता पुण्याला डॉक्टर आहे. तिनं सांगितलं, आजीकडे सुटीत गेलं की जेवायच्या आधी सवायकी म्हणावी लागायची, पन्नासपर्यंत, रोज.

मध्यंतरी शाळेत येऊन गेले. इमारत देखणी झाली आहे, कॉम्प्युटरची खोली आहे, नळाला पाणी आहे. डाळिंबानं तालुक्यात पैसा आला, त्यातला शाळेलाही मिळाला याचा आनंदच आहे. पण ती दगडी पडवी पाडली हे पाहून गलबलून आलं. तिथे झोळीचं आढं होतं, कंदिलाचा खिळा होता. पाडण्याआधी कोणीतरी आम्हाला विचारायला हवं होतं. पाचवी ते सातवीच्या तुकड्या कमी झाल्यात. दारावरून इंग्रजी शाळेच्या गाड्या भरून जातात. आताच्या शिक्षिकांशी बोलले, गुणी मुली आहेत, पण त्यांचा निम्मा दिवस मोबाइलवर माहिती भरण्यात जातो. त्यांनी पोरांना घेऊन शनिवारी रस्त्यावर कधी जावं?

समितीला एक विनंती आहे. मुख्य कार्यक्रमाला पाहुणे येतील, सत्कार होतील, ते व्हावेत. पण रात्रीच्या वर्गातल्या ज्या बायका हयात आहेत त्यांना पहिल्या रांगेत बसवा. माझी आई आता नव्वदीला टेकली आहे, ती येणार आहे. बाकीच्यांचा शोध मी आणि बाईंची लेक वाड्या-वस्त्यांवर फिरून घेत आहोत. कोणाला कोणी माहीत असेल तर शाळेच्या ऑफिसात नाव देऊन ठेवावं. गाडीची सोय मी करते. आणि त्या दिवशी हजेरीची वही ठेवाल, तिथं शाईचा पॅड ठेवू नका. त्या सह्या करतील.