क्लॅरिनेटची रीड आणि नाशिकची हवा: माझा अनुभव

रीड म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडाशी बांधायची, फुंकल्यावर थरथरून सूर काढणारी पातळ पट्टी. तिचं दहाचं खोकं आणायचं आणि त्यातल्या तीन-चारच धड वाजायच्या, याचा राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. आमच्या नाशिकला एप्रिलच्या दुपारी ओठ फुटतात आणि जुलैत भिंतींना ओल येते. रीड शेवटी बोरूसारख्या गवताचीच. ओली झाली की रुंदीत फुगते, लांबीत जवळपास नाही. टोक पातळ, ते लगेच भिजतं. मागचा जाड भाग कोरडाच राहतो. मग उन्हातल्या पापडाच्या कडेसारखं टोक लाटालाटांचं होतं. त्याची काळजी नको. वाटीभर पाण्यात दोन-तीन मिनिटं ठेवली की सरळ होतं.

खरं अडलं ते रीडच्या पाठीपाशी. माउथपीसवर, म्हणजे क्लॅरिनेटच्या तोंडात धरायच्या भागावर, टेकते ती बाजू सपाट हवी. ती फुगली की खालून हवा गळते; खर्जात फुसफुस आणि वर चढताना चिरका आवाज. दुकानात दर वेळी एकच उत्तर: "नंबर बदला, अडीचऐवजी दोन घ्या." अहो, नंबर रीडच्या कडकपणाचा! पाठ वाकडी असेल तर दोनचीही गळणारच. या सल्ल्यापायी माझी किती खोकी वाया गेली. पाठ तपासून बघा, असं तिथे एकदाही कोणी म्हणालं नाही.

तपासायला काही लागत नाही. रीड बांधलेल्या माउथपीसचं खालचं तोंड तळव्याने दाबा, वरून तोंडाने हवा ओढा आणि माउथपीस तोंडातून काढा. रीड क्षणभर चिकटून 'टप्' करून सुटली तर नीट बसली आहे. लगेच सुटली तर गळते. काचेवर ठेवून कडा दाबल्यावर डुगडुगली, तरी तेच.

मी काचवाल्याकडून जाड काचेचा तुकडा आणला. त्यावर ६०० नंबरचा वॉटर पेपर (बारीक पॉलिशपेपर) ठेवून कोरड्या रीडची पाठ हलक्या हाताने घासली, टोक कागदाबाहेर ठेवून. सगळीकडे सारखी चकाकी आली की थांबायचं. पहिल्यांदा खर्ज भरून वाजला तेव्हा मी तो सूर बराच वेळ सोडलाच नाही.

एक राहिलंच: नवी रीड लगेच घासू नका, ती काही दिवस वाकतच असते. तेवढे दिवस रोज पाच-दहा मिनिटंच वाजवा. वाजवून झाल्यावर माउथपीसवर तशीच सोडू नका. पुसून काचेवर सपाट ठेवा. डबीत सिलिका जेलची (ओल शोषणारी) पुडी नको, रीड पार सुकते. लग्नाची सुपारी असेल तर चार रीड आलटूनपालटून तयार ठेवा, बुडाशी पेन्सिलने खूण करून. पावसाळ्यात बुरशी दिसली तर ती रीड सरळ टाकून द्या.