मेन्शिकोव अपडेट: खिडकी जमली, निळा पट्टा मात्र गेला

मंडळी, पीटर द ग्रेटचा उजवा हात प्रिन्स मेन्शिकोव, आधी दरबारातला आणि मग सायबेरियात बेर्योझोवला हद्दपार झालेला, असे त्याचे दोन छोटे देखावे (मिनिएचर) करतोय. त्यातल्या बेर्योझोवच्या झोपडीची खिडकी जमल्याशिवाय तोंड दाखवणार नाही असं मागच्या वेळी म्हटलं होतं, तर घ्या, दाखवतोय. पण ती जमली कशी हे ऐकून शिव्या घालाल.

आधी खिडकीचं रडगाणं. रशियन चित्रकार सुरिकोवच्या १८८३च्या, याच झोपडीच्या चित्रात डोक्यावर येणारं छत, थंडीने गोठलेली छोटी खिडकी आणि तिच्यातून येणारा तो मेलेला उजेड, सगळी जान तिथेच आहे. मी अ‍ॅसिटेटच्या पारदर्शक प्लास्टिक शीटवर पांढरा गम आणि बेकिंग सोडा लावून बघितलं, तर बर्फ सोडा, काचेवर रवा सांडल्यासारखं दिसायला लागलं. मग कोणीतरी सुचवलं की डबीत शीट आणि सुपरग्लूचे दोन थेंब बंद करून ठेव, वाफेने धुकं धरतं. धरलं की, झकास धरलं, फक्त मधोमध माझ्या अंगठ्याचा ठसा उमटला, पोलिसांना द्यावा इतका स्पष्ट. तीन शीट वाया.

मग डोक्यात आलं की अरे, त्या काळी रशियात खिडक्यांना काच कुठे सगळ्यांना परवडायची, अभ्रक लावायचे. युरोपभर त्याला मॉस्कोची काच म्हणायचे, या अभ्रकाचं मस्कोवाइट हे नाव तिथूनच आलं. आणि अभ्रक तर आपल्या घरात, आईच्या बंद पडलेल्या इस्त्रीत! कॉइलच्या खालचा तुकडा काढला, ब्लेडच्या टोकाने पापुद्रे सुटे केले (सावकाश, नाहीतर चुरा होतो), फ्यूजच्या तारेची जाळी करून त्यात सहा तुकडे बसवले. हॉबी शॉपमधली 'मिनिएचर ग्लास' घेऊ नका, इलेक्ट्रिकवाल्याकडे स्वस्तात अभ्रक मिळतो.

पण मागे वॉर्म एलईडी लावला तर सायबेरियाऐवजी चहाच्या टपरीचा उजेड! अभ्रकाला मुळातच पिवळट झाक. एलईडी कूल व्हाइट केला, १२ व्होल्टला १ किलोओहमचा रेझिस्टर, मध्ये बटर पेपर. उजेड आला, दव गोठल्याचं फील काही येईना.

आणि इथे दुसऱ्या मेन्शिकोवचा बळी गेला. १७२७चा, दरबारातला, विग घातलेला, मुलगी मारियाचा साखरपुडा अकरा वर्षांच्या झारशी, दुसऱ्या पीटरशी, लावलेला, जनरलिसिमो म्हणजे सरसेनापती झालेला. सेंट अँड्र्यू ऑर्डर या रशियातल्या सर्वोच्च सन्मानाच्या निळ्या पट्ट्यावर मी चार रविवार घालवलेत, रेशमाची ती लाटेसारखी चमक ग्लेझचे (पातळ पारदर्शक रंगाचे) नऊ थर देऊन आणली होती. मॅट व्हार्निश मारायचं राहिलेलं, बाहेर धो धो पाऊस, मी शहाणा गॅलरीत गेलो आणि मारलं. दहा मिनिटांत अख्खा प्रिन्स पांढराफटक, पट्ट्यावर दही सांडल्यासारखं. ग्लॉसचे दोन हात दिल्यावर लाल कोट बऱ्यापैकी परत आला, निळा नाहीच. डब्यावर दमट हवेबद्दल एक अक्षर नाही, नाव घेत नाही, महागडा इंपोर्टेड डबा एवढंच सांगतो.

रात्री चिडून बसलो होतो आणि एकदम ट्यूब पेटली, हेच तर हवंय मला! दुसऱ्या दिवशी पाऊस असतानाच तोच डबा, तीच गॅलरी, या वेळी अभ्रकावर. कडेने दाट, मध्ये विरळ असं पांढरं धरलं, मग टूथपिकने एका कोपऱ्यात खरवडलं, कोणीतरी आतून नखाने बाहेर बघायला जागा केल्यासारखं. स्विच लावला आणि खरं सांगतो, पाच मिनिटं नुसता बघत बसलो.

झोपडीतल्या मेन्शिकोवची दाढीही झाली, पुट्टीची. पीटर द ग्रेटच्या काळात दाढी ठेवायला कर होता आणि हा त्याचा उजवा हात, त्यामुळे दाढीवाला मेन्शिकोव करताना मजा येते. दोन्ही डोकी एकाच मोल्डमधली, नाक जुळतंय.

आता प्लॅन. पट्टा परत रंगवणार होतो, पण लिहिता लिहिता वाटायला लागलं की नकोच. सप्टेंबर १७२७ मध्ये अटक झाली आणि पदकं, पट्टा सगळं काढूनच घेतलं ना? मग दरबाराच्या बाजूला माणूसच ठेवायचा नाही. नुसती त्याच्या पीटर्सबर्गच्या महालातली डेल्फ्ट टाइल्सची (निळ्या-पांढऱ्या डच फरशांची) भिंत आणि रिकामी खुर्ची. १३ सेंटिमीटरची टाइल १:३२ मापात जेमतेम ४ मिलिमीटर, डेकल पेपरवर (चित्र उतरवून चिकटवायच्या कागदावर) प्रिंट करावं लागेल, डोळे जातील ते वेगळे.

बायको दार्याची मूर्ती बसवायची नाही, ती १७२८च्या मे महिन्यात कझानजवळ वाटेतच गेली. झोपडीत तिघं मुलं आणि तो. मारियाचा फरकोट अजून कच्चा प्रायमरवर आहे.

आणि अजून एक किडा. ज्या डोल्गोरुकोव घराण्याच्या सरदार मंडळींनी मेन्शिकोवला पाडलं त्यांनाही १७३० मध्ये बेर्योझोवलाच धाडलं! म्हणून मूर्ती चिकटवत नाहीये, तळव्यात पिन घालून सुट्या ठेवतोय, पुढच्या वर्षी त्याच खिडकीखाली दुसरी गिऱ्हाईकं बसवता येतील. १ मिलिमीटरची पितळी तार पुरेल का पिनांना, की मूर्ती डुलतील? कोणी केलं असेल तर सांगा.