एजफिल्डच्या रानात टर्कीला साद

एप्रिलच्या सुरुवातीला जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात मास्टर्स गोल्फ स्पर्धा असते. त्या आठवड्यात तिथल्या हॉटेलांचे दर परवडत नाहीत, म्हणून आम्ही स्पर्धा आटोपल्यावर निघालो. अटलांटाहून आय-20 महामार्गाने ऑगस्टा साधारण 235 किलोमीटर. तिथून सवाना नदी ओलांडली की साउथ कॅरोलायना लागतं आणि पुढे पाऊण तासात एजफिल्ड. लाल माती, सरळसोट पाइन, ओढ्याकाठी ओकची गर्दी. गाव छोटं आहे, पण जागोजागी टर्की या पक्ष्याचे रंगवलेले पुतळे उभे आहेत. त्याला कारणही तसंच आहे. जंगली टर्कीच्या संवर्धनासाठी 1973 साली स्थापन झालेल्या 'नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन'चं मुख्यालय याच गावात आहे.

मी पक्षीनिरीक्षक. शिकार करत नाही, करणारही नाही. पण पक्ष्याशी त्याच्या भाषेत बोलून त्याला जवळ आणणारी माणसं मला लहानपणापासून ओढ लावतात. सोलापूरच्या माळावर वाढलेल्यांनी फासेपारधी पाहिलेले असतात. तोंडाने तित्तराचा आवाज काढावा आणि बाभळीच्या बनातून खऱ्या तित्तराने उत्तर द्यावं, हे मी स्वतः ऐकलेलं आहे. त्यामुळे आमच्या शेजारच्या पॉप्सनी (माझी मुलं त्यांना याच नावाने हाक मारतात) "टर्कीच्या हंगामात माझ्याबरोबर चला, बंदूक मी सांभाळतो, तुम्ही फक्त ऐका" असं म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. पॉप्स सुतारकामातून निवृत्त झालेत आणि स्वतःचे कॉल, म्हणजे पक्ष्याची हाक काढायची साधनं, स्वतः बनवतात.

रानात जाण्याआधी त्यांनी मला फेडरेशनच्या संग्रहालयात नेलं. टर्कीच्या पंखाच्या हाडांपासून बनवलेले कॉल तिथे पाहायला मिळाले. मादीच्या पंखातली पोकळ हाडं एकात एक बसवून नळी करायची आणि ओठांनी हवा आत ओढायची. अमेरिकेतल्या आदिवासींनी हजारो वर्षांपूर्वी वापरलेली ही युक्ती आजही चालते. नंतर आला बॉक्स कॉल. आर्कान्सामधल्या हेन्री गिब्सन यांनी 1897 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. लांबट अरुंद लाकडी पेटी आणि एका टोकाला स्क्रूवर फिरणारं झाकण. आजच्या दुकानातला बॉक्स कॉलही जवळजवळ तसाच असतो.

पॉप्स मात्र जास्त वेळ रेंगाळले ते पक्षी परत कसे आले त्या गोष्टीपाशी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे टर्की बहुतेक राज्यांतून नाहीशी झाली होती. साउथ कॅरोलायनात ती उरली किनाऱ्याजवळच्या फ्रान्सिस मॅरियन जंगलात आणि सवाना नदीच्या दलदलीत. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, पण ते रानात टिकेनात. मग 1951 मध्ये डफ होलब्रुक या वन्यजीव तज्ज्ञाने फ्रान्सिस मॅरियनमध्ये तोफेसारख्या नळ्यांतून जाळं उडवून जंगली टर्की पकडायला सुरुवात केली, आणि हे पक्षी आत इकडच्या टापूत आणून सोडले. ही पद्धत इतर राज्यांनीही उचलली. फेडरेशन स्थापन झालं तेव्हा देशात 15 लाखांच्या आत असलेली संख्या पुढे 60 लाखांच्या वर गेली. बंदुका आणि काडतुसांवर 1937 च्या कायद्याने बसवलेला कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो आणि या कामाचा मोठा खर्च त्यातून निघाला. शिकाऱ्यांच्या पैशावर पक्षी परत आला, हे माझ्यासारखीला पचवायला वेळ लागतो, पण ते खरं आहे आणि ते खुल्या मनाने मान्य करायला हवं.

संध्याकाळी व्हरांड्यात बसून पॉप्सनी पोतडी उघडली. कॉल निवडायचा कसा, या प्रश्नावर त्यांचं पहिलं उत्तर असं: नराला बोलवायचं तर आधी मादीचं बोलणं पाठ करा. नेहमीचा 'येल्प' म्हणजे सलग चार-सात हाका. प्रत्येक हाक उंच, स्वच्छ सुराने सुरू होते आणि मध्येच मोडून खरखरीत, खालच्या सुरात उतरते. 'क्लक' म्हणजे एखादाच आखूड टोला. 'पर्र' म्हणजे निवांत चरताना गळ्यात चाललेली घरघर. 'कटिंग' म्हणजे चिडलेल्या, उतावळ्या मादीचे वेडेवाकडे, भराभर क्लक. आणि 'पट' हा धोक्याचा इशारा. क्लक जरा जास्त कडक वाजला तर तो पटसारखा ऐकू येतो आणि नर पळतो.

बॉक्स कॉल नवख्या माणसासाठी सर्वांत बरा. झाकणाच्या खालच्या बाजूला खडू घासायचा आणि ते पेटीच्या पातळ कडेवरून हलकेच ओढायचं. वजन झाकणाचंच पुरतं, हाताने दाबायचं नाही. पेटीच्या दोन कडा मुद्दाम वेगवेगळ्या जाडीच्या ठेवतात, म्हणजे एकीतून जुनी मादी बोलते आणि दुसरीतून तरुण. पॉप्स पेटीसाठी देवदारासारखा वास येणारं लाल सीडर किंवा पॉप्लर घेतात आणि झाकणाला त्याहून कठीण लाकूड. कड कागदाइतक्या फरकाने तासली तरी सूर बदलतो. शेजारच्या ग्रीनवुडचे नील कॉस्ट यांचं नाव घेताना त्यांनी टोपी काढली. कॉस्ट यांच्या हातच्या पेट्यांना आज संग्राहक हजारो डॉलर मोजतात. बॉक्सचा आवाज लांब जातो, वाऱ्याच्या दिवशी त्याला तोड नाही. पण त्याला दोन्ही हात लागतात आणि तो पावसात भिजला की मुका होतो.

मला सर्वांत आवडला तो स्लेटचा कॉल. तळहाताएवढी गोल लाकडी वाटी, तिच्यावर दगडी पाटीचा तुकडा, आत आवाज घुमवणारी दुसरी चकती, बुडाला भोकं, आणि वाजवायला लाकडी काडी. शाळेत पाटीवर लेखणी जराशी तिरकी धरली की जी किरकिर व्हायची, तिलाच इथे शिस्त लावलेली आहे. काडीचं टोक दगडावर क्षणभर अडकतं, सुटतं, पुन्हा अडकतं, आणि त्या थरथरीतून आवाज निघतो. म्हणून पृष्ठभाग गुळगुळीत झाला की आवाज जातो. तो खरखरीत पॅडने घासून घ्यावा लागतो आणि बोटाचं तेल लागू द्यायचं नसतं. वाटी बोटांच्या टोकांवर धरायची, तळहात टेकला की घुमणं बंद. काडी पेनसारखी धरून छोटे लंबगोल काढायचे आणि येल्प संपेपर्यंत टोक उचलायचं नाही. स्लेटवर हळू, जवळचं, गळ्यातलं बोलणं जसं निघतं तसं दुसऱ्या कशावरही निघत नाही. काच किंवा अॅल्युमिनियमची चकती जास्त तीक्ष्ण आणि मोठी वाजते. पावसाळी हवेसाठी काच आणि अॅक्रिलिकची काडी जवळ ठेवतात.

तिसरा प्रकार तोंडात ठेवायचा: घोड्याच्या नालेसारख्या चौकटीत ताणलेला लेटेक्सचा पातळ पडदा. तो टाळूला चिकटवून जिभेने दाब द्यायचा. हात मोकळे राहतात, त्यामुळे नर पन्नास पावलांवर असताना हाच उपयोगी. शिकायला मात्र वेळ लागतो. पॉप्स गाडी चालवताना सराव करतात, त्यांच्या पत्नीची त्याबद्दल कायमची तक्रार आहे.

या सगळ्यात मला एक गोष्ट पटली आणि ती दुकानात कोणी सांगत नाही. सुरापेक्षा लय महत्त्वाची. स्पर्धेत बक्षिसं मिळवणारा आवाज काढण्यासाठी लोक खूप पैसे खर्च करतात, पण रानातल्या खऱ्या माद्या बेसूर असतात. दुसऱ्या दिवशी ऐकलेली एक मादी तर गंजलेल्या बिजागरीसारखी बोलत होती. पण तिच्या हाका सारख्या अंतराने पडत होत्या आणि दोन ओळींच्या मध्ये ती बराच वेळ गप्प राहत होती. कॉल घ्यायचा तो आपल्या हाताला लय सांभाळता येईल असा घ्यावा, मग तो स्वस्तातला असला तरी चालेल.

पहाटे आम्ही सम्टर राष्ट्रीय अरण्याच्या लाँग केन विभागात होतो. काळोखात रातव्याच्या कुळातला एक पक्षी सतत ओरडत होता. पूर्व उजळू लागली तशी पॉप्सनी घुबडाची हाक दिली, बार्ड आउलची आठ स्वरांची. ओढ्यापलीकडून लगेच 'गॉबल' आला, आख्खं रान हलवणारा. विणीच्या हंगामात नराला कुठल्याही मोठ्या आवाजावर असं ओरडावंसं वाटतं. ढगांचा गडगडाट ऐकून आपला मोर केकारतो, तसंच. दोघे एकाच कुळातले आहेत. घुबड किंवा कावळ्याची हाक देण्याचा हेतू एवढाच की नर कुठल्या झाडावर आहे ते कळावं आणि त्याला मादीची शंकाही येऊ नये.

आम्ही खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याच्या ओकला पाठ लावून बसलो. हा सुरक्षेचा नियम आहे: मागून दुसरा शिकारी आला तर झाड आड येतं. लाल, पांढरा, निळा यांतला एकही रंग अंगावर नको, कारण नराच्या डोक्यावर हेच रंग असतात. रानात टर्कीचा आवाज आला तर त्याच्या दिशेने दबकत जायचं नाही, तिथे माणूस असू शकतो. दुसरा शिकारी दिसलाच तर हात हलवायचा नाही, मोठ्याने बोलायचं.

पॉप्सनी स्लेटवर तीन अगदी हलके येल्प काढले, झाडावरच अर्धवट जागी झालेली मादी काढते तसे. गॉबल. मग हातातली टोपी मांडीवर फडफडवून मादी झाडावरून उतरल्याचा आवाज केला. थोड्या वेळाने नर खाली उतरला, कारण त्याचा आवाज आता जमिनीलगत दबका येऊ लागला. पॉप्सनी येल्पची एक ओळ दिली, त्याने मधेच तोडून उत्तर दिलं. आणि मग ओढ्याच्या पलीकडच्या काठावर येऊन तो थांबला. शेपटी पसरून तिथेच येरझाऱ्या.

इथे या विद्येची खरी गंमत आहे. निसर्गात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. शिकारी उलटं मागतो: मादी एका जागी, नर चालत येणार. तुम्ही जितकं जास्त बोलाल तितकं त्याला वाटतं की ही येणारच आहे, मग तो कशाला हलेल? पॉप्सनी स्लेट बाजूला ठेवली. बराच वेळ काहीच नाही. नर ओरडत राहिला, पॉप्स गप्प. मग त्यांनी बोटांनी वाळकी पानं उकरली: दोनदा, थांबून एकदा, टर्की पायाने पाला उकरते त्याच चालीत. तोंडातल्या पडद्यावर एक पर्र, इतका हलका की शेजारी बसून मला जेमतेम ऐकू आला.

नंतर मी तो आवाज ऐकला जो कुठल्याच कॉलमध्ये नाही. नर छाती फुगवून चालताना एक खोल घुमका येतो, कानापेक्षा छातीत आधी जाणवतो. तो आमच्या बाजूला आला होता. निळं-पांढरं डोकं, उन्हात तांब्यासारखी पिसं. पॉप्सनी तीस-एक पावलांवर गोळी झाडली. पक्षी जागीच पडला. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी या माणसाबद्दलचा आदर वाढला, कारण अंतर जास्त असतं तर त्यांनी झाडलीच नसती, हे त्यांनी आदल्या रात्रीच बजावलं होतं. त्यांनी पायाला टॅग बांधला, त्याच दिवशी सरकारकडे नोंद केली. मांस घरी खाल्लं जातं. पाय मंद आचेवर तासन्‌तास शिजवावे लागतात.

इथे शिकाऱ्याला रेकॉर्ड केलेला आवाज वाजवायला कायद्याने बंदी आहे. हाताने, तोंडाने जे जमेल तेवढंच. हे कळल्यावर मला आपल्याकडची आठवण झाली. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार थांबली हे फार चांगलं झालं, पण पावसाच्या तोंडावर विणीसाठी आलेल्या नवरंगाला फोटोसाठी फोनवरून पुन्हापुन्हा त्याचीच हाक ऐकवणारे लोक आपल्या जंगलांत आहेत. प्रतिस्पर्धी आला समजून तो पक्षी हद्द राखायला धावतो, आणि पिल्लांना भरवायचा वेळ त्यात जातो. टर्कीच्या शिकाऱ्याला जे बंधन आहे ते कॅमेरावाल्यांनी स्वतःहून पाळावं असं मला मनापासून वाटतं.

एजफिल्डला जाणार असाल तर मातीची भांडीही पाहा. डेव्हिड ड्रेक हा इथला गुलाम कुंभार. गुलामांना लिहायला शिकवणं गुन्हा होता त्या काळात तो आपल्या प्रचंड रांजणांवर कवितेच्या ओळी आणि नाव कोरत होता. रानात मुक्काम करायचा तर लिक फोर्क तलावापाशी सोय आहे. एप्रिलमध्ये नुसतं फिरायला गेलात तरी नारिंगी रंगाचं जॅकेट घाला. आणि परतल्यावर गुडघ्यांमागे, काखेत, केसांत गोचीड नीट तपासा. इथल्या लोन स्टार जातीच्या गोचिडीच्या चाव्याने काही जणांना लाल मांसाची अॅलर्जी जडते.