दांडा ‘पी’वर होता, गिअरबॉक्स नव्हता

गेल्या मे महिन्यात बागेसाठी खतमातीची पोती भरून हार्डवेअरच्या दुकानासमोरून निघताना आमच्या जुन्या पिकअप ट्रकचा गिअरचा दांडा माझ्या हातात एकाएकी हलका झाला. ब्रेक दाबून दांडा ‘पी’वरून (पार्क, म्हणजे गाडी उभी करण्याची खाच) ‘आर’वर (रिव्हर्स) घेताना नेहमी जाणवतो तो खाचेचा विरोध जाणवला नाही, खालून येणारा ओळखीचा ‘टक’ असा आवाज आला नाही आणि डॅशबोर्डवरचा काटा मात्र इमानाने ‘आर’पाशी जाऊन थांबला. ट्रक तसूभरही मागे सरकला नाही. दांडा आणखी खाली ओढून ‘डी’वर (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जाण्याचा गिअर) नेला, तरी तेच. इंजिन व्यवस्थित चालू होते, काटा दांड्यामागोमाग सरकत होता आणि चाके जागची हलत नव्हती.

हा ट्रक २००२ सालचा आहे. आम्ही ईशान्य ओहायोत राहतो. येथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात आणि वीस-बावीस हिवाळे काढलेल्या गाडीची खालची बाजू कशी झालेली असते, हे येथल्या लोकांना सांगावे लागत नाही. ट्रकला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि त्याचा दांडा दोन सीटांच्या मध्ये नसून स्टिअरिंगच्या कॉलमला उजव्या हाताशी जोडलेला आहे. मी गाडी चालवायला शिकले ती कोल्हापुरात, क्लच असलेल्या गाडीवर. तिथे दांडा सैल झाला की पायाखालच्या क्लचवरून आणि आवाजावरून काहीतरी अंदाज बांधता येत असे. ऑटोमॅटिकमध्ये चालक आणि गिअरबॉक्स यांच्यातला सगळा संवाद त्या एका दांड्यातून होतो आणि तोच तुटला की चालकाला काहीच कळेनासे होते.

घरी फोन केल्यावर नवरा दुसरी गाडी, दोन लाकडी ठोकळे आणि टॉर्च घेऊन आला. पार्किंग ब्रेक दाबून, इंजिन बंद करून, मागच्या चाकांना ठोकळे लावून मी ट्रकखाली सरकले. पिकअप उंच असल्यामुळे एवढ्यासाठी जॅक लावावा लागत नाही. गिअरबॉक्सच्या डाव्या कुशीवर बोटभर लांबीची एक लोखंडी पट्टी असते, तिच्या टोकाला वाटाण्याएवढा गोळा असतो आणि दांड्याकडून येणारी केबल त्या गोळ्यावर एका प्लास्टिकच्या बुशने, म्हणजे गोळ्याला घट्ट धरणाऱ्या छोट्या वाटीने, बसवलेली असते. आमची केबल त्या गोळ्याशेजारी मोकळी लोंबत होती. गोळ्यावर बुशचा चंद्रकोरीएवढा एक तुकडा चिकटून राहिला होता; हात लावताच तो खडीसाखरेसारखा फुटला.

तिथल्या तिथे तारेने केबल बांधून ट्रक घरी आणावा, असा मोह झाला होता. तो आम्ही टाळला आणि ओढून नेणारी गाडी बोलावली, कारण बांधलेली तार वाटेत सरकली असती तर दांडा एक सांगतो आणि गिअरबॉक्स दुसरेच करतो अशा अवस्थेत मी चौकात उभी राहिले असते.

त्याच संध्याकाळी एका गॅरेजला फोन करून लक्षणे सांगितली, तेव्हा गाडी न पाहताच ‘गिअरबॉक्स उघडावा लागेल, साडेतीन हजार डॉलर धरून चला’ असे उत्तर मिळाले. मी हे लिहायला बसले ते मुख्यतः या उत्तरामुळे. जुन्या ट्रकचा दांडा बिघडला म्हणजे गिअरबॉक्स गेला, असे मालकही समजतात आणि पुष्कळदा ट्रक भंगारात जातो. वास्तविक दांड्यापासून गिअरबॉक्सच्या आतल्या व्हॉल्व्हपर्यंत हालचाल एका साखळीने पोहोचते: कॉलममधला दांडा, कॉलमच्या तळाशी असलेला हात, त्याला जोडलेली केबल, केबलच्या टोकाचा बुश आणि शेवटी गिअरबॉक्सवरची ती पट्टी. ही साखळी नेमकी कोणत्या कडीपाशी तुटली आहे ते पाहिल्याशिवाय गिअरबॉक्सला दोष देणे म्हणजे बेल वाजत नाही म्हणून घराची भिंत पाडण्यासारखे आहे.

पाहण्याची रीत साधी आहे. इंजिन बंद, पार्किंग ब्रेक दाबलेला, चारही चाकांना ठोकळे. मग एकाने आत बसून, किल्ली ऑनवर ठेवून आणि ब्रेक दाबून दांडा सावकाश एकेका खाचेवर न्यायचा आणि दुसऱ्याने खाली राहून त्या पट्टीकडे पाहायचे. दांडा हलतो आणि केबलचे टोक हलत नाही, तर दोष वर कॉलममध्ये किंवा केबलमध्येच आहे. केबलचे टोक हलते आणि पट्टी हलत नाही, तर बुश गेला. पट्टी प्रत्येक खाचेवर नीट हलते आणि तरीही गाडी गिअर घेत नाही, तरच गिअरबॉक्सकडे वळायचे.

गाडी न हलणे हा या बिघाडातला सौम्य प्रकार आहे, हे मला दुसऱ्या दिवशी शांतपणे विचार केल्यावर उमगले. आमचा बुश दुकानासमोर, गिअरबॉक्स ‘पार्क’मध्ये असताना तुटला, हे आमचे सुदैव. तोच जर रस्त्यात, ‘डी’मध्ये असताना तुटला असता, तर घरी येऊन मी दांडा वर ढकलला असता, काट्याने ‘पी’ दाखवले असते, किल्लीही सुखाने बाहेर आली असती, कारण किल्ली अडवणारी यंत्रणा कॉलममधल्या दांड्याकडे पाहते, गिअरबॉक्सकडे नाही; आणि आमच्या दारासमोरच्या उतारावर ट्रक मात्र ‘डी’मध्ये, म्हणजे इंजिन बंद झाल्यावर जवळजवळ मोकळा, उभा राहिला असता. ‘पार्क’मध्ये गिअरबॉक्सच्या आत एक खिट्टी दातेरी चाकात अडकते आणि गाडीचा सगळा भार ती पेलते. ती अडकली आहे की नाही, हे डॅशबोर्डवरच्या काट्याला ठाऊक नसते.

‘पार्क’वर भिस्त ठेवण्याची सवय अमेरिकेत फार जुनी आहे आणि तिचा इतिहासही सुखाचा नाही. ‘पार्क’मध्ये ठेवलेली गाडी घसरून रिव्हर्समध्ये जाते, अशा अनेक तक्रारींनंतर १९८० सालाच्या शेवटी फोर्ड कंपनी आणि वाहतूक खाते यांच्यात तडजोड झाली आणि सुमारे २ कोटी ३० लाख गाड्यांच्या मालकांना डॅशबोर्डवर चिकटवण्यासाठी सूचनेची पट्टी पाठवण्याचे ठरले. दांडा पूर्ण ‘पार्क’मध्ये गेल्याची खात्री करा, पार्किंग ब्रेक लावा आणि इंजिन बंद करा, असा त्या पट्टीचा आशय होता. आमचा ट्रक त्या काळातला नाही, पण आमच्या कोल्हापूरच्या गाडीत हँडब्रेक ओढल्याशिवाय कोणी उतरत नसे आणि येथे कित्येकांच्या पार्किंग ब्रेकची केबल वर्षानुवर्षे न वापरल्याने गंजून अडकलेली असते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

दुरुस्तीला आम्हाला एक रविवार लागला. बदली बुश वीसेक डॉलरांत मिळाला. गोळ्यावरचे जुने प्लास्टिक खरवडून काढणे, गंज बारीक ब्रशने घासणे, ब्रेक क्लीनरने पुसून कोरडे करणे आणि थोडे सिलिकॉन ग्रीस लावणे, यातच अर्धा वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला, कारण खडबडीत गोळा नवीन बुशही लवकर खातो. बुश केबलच्या टोकात बसवून पक्कडीने गोळ्यावर दाबला, तेव्हा स्पष्ट ‘टक’ ऐकू आले. तो आवाज येईपर्यंत बुश बसला असे मानू नये. अर्धवट बसलेला बुश हाताने ओढून पाहिला तरी जागेवर असल्यासारखा वाटतो.

खरी कसोटी पुढे असते, ती केबलचे माप जुळवण्याची. दांड्यावरचा ‘डी’ आणि गिअरबॉक्सवरचा ‘डी’ एकाच क्षणी एकाच जागी यावे लागतात. प्रत्येक गाडीची रीत वेगळी असते, त्यामुळे आपल्या गाडीची दुरुस्ती पुस्तिका पाहावी हेच योग्य. आमच्या ट्रकमध्ये गिअरबॉक्सवरची पट्टी आधी ‘१’ या सर्वांत खालच्या गिअरच्या टोकापर्यंत न्यायची, तिथून दोन खाचा परत आणायची, दांडा ‘डी’वर ठेवायचा आणि त्याच्या टोकाला तीन पौंडांचे वजन टांगायचे, म्हणजे कॉलममधली सगळी ढिलाई खाली बसते; मग केबलवरची खिट्टी दाबून माप पक्के करायचे. मुलीने स्वयंपाकघरातल्या काट्यावर तीन पौंड तूरडाळ तोलून कापडी पिशवीत भरली आणि ती पिशवी दांड्याला अडकवली. या सगळ्या वेळात ट्रक ‘पार्क’मध्ये नसतो, ही गोष्ट खाली झोपलेल्या माणसाने क्षणभरही विसरता कामा नये. त्या दिवशी ठोकळे काढायचे ते मी स्वतः, असे आम्ही आधीच ठरवले होते.

“आई, काटा ‘एन’ आणि ‘डी’च्या मध्ये दिसतोय,” असे मुलीने आतून सांगितले (‘एन’ म्हणजे न्यूट्रल), तेव्हा मी क्षणभर घाबरले, पण तो दोष निराळा निघाला. डॅशबोर्डवरच्या काट्याला स्वतःची वेगळी बारीक केबल असते आणि कॉलमखालच्या छोट्या चाकाने ती जुळवता येते. ती जुळवणी मात्र मोठ्या केबलनंतरच करावी. काटा आधी सरळ केला, तर चुकीच्या मापाला आपण खरे ठरवून बसतो.

दांड्याच्या बाकीच्या तक्रारी थोडक्यात सांगते. दांडा ‘पी’मधून निघतच नसेल, तर आधी कोणाला तरी मागे उभे करून ब्रेकचे दिवे लागतात का ते पाहावे, ते लागत नसतील, तर फ्यूज किंवा ब्रेक पेडलवरचा स्विच गेला असण्याचा संभव अधिक, कारण दांडा सोडणाऱ्या यंत्रणेला ‘ब्रेक दाबला’ ही बातमी तोच स्विच देतो. अमेरिकेत १ सप्टेंबर २०१० नंतर बनलेल्या हलक्या ऑटोमॅटिक गाड्यांना ही यंत्रणा कायद्याने सक्तीची आहे आणि तिच्यापूर्वीच्या पुष्कळ गाड्यांतही ती असते. दांडा हट्टाने ओढून ती मोडू नये. गाडी ‘पी’मध्ये सुरू होत नाही आणि ‘एन’मध्ये होते, किंवा रिव्हर्सचे दिवे लागत नाहीत, तर केबलचे माप सरकले आहे किंवा गिअरबॉक्सवरचा सेन्सर बिघडला आहे. दांड्याच्या टोकाला ओव्हरड्राइव्हचे (सर्वांत वरचा गिअर चालू-बंद करण्याचे) बटण असेल, तर त्याची तार दांड्याच्या आतून जाते आणि दर खेपेला वाकून वाकून तुटते. त्यासाठीही गिअरबॉक्स उघडावा लागत नाही.

शेवटची चाचणी दारासमोरच्या उतारावर केली. ठोकळे उताराच्या बाजूला वीतभर अंतरावर ठेवले, ब्रेक दाबून दांडा ‘पी’वर नेला, इंजिन बंद केले आणि पाय अगदी सावकाश उचलला. ट्रक इंचभर खाली सरकला, आत खिट्टी दात्यात बसल्याचा जड आवाज आला आणि तो थांबला. मग पुन्हा ब्रेक दाबून पार्किंग ब्रेक लावला. मुलगी याच वर्षी गाडी शिकते आहे आणि हाच ट्रक तिच्या हाती यायचा आहे, म्हणून तिच्याकडून तोच क्रम करवून घेतला: पाय ब्रेकवर, आधी पार्किंग ब्रेक, मग ‘पी’, मग किल्ली. तीन वेळा बिनचूक झाल्यावर चौथ्यांदा तिने मला विचारले, की केबलवरचे काळे आवरण एका जागी फाटले आहे ते चालेल का. ते चालणार नाही. त्या फटीतून मीठ आत शिरेल आणि केबल आतून गंजेल. नवीन केबल मागवली आहे. पहिला बर्फ पडण्यापूर्वी ती बसवायची आहे.