चाळीसचा पिस्टन

कोल्हापूरच्या उद्यमनगरात पार्वती टॉकीजकडून आत वळलं की एक चहाची गाडी लागते. परवा दुपारी तिथं उभा होतो. वारं सुटलं होतं, आणि उधारीच्या चिठ्ठ्या उडू नयेत म्हणून चहावाल्यानं त्यांच्यावर एक पिस्टन ठेवला होता. चिठ्ठ्या गेल्या उडत, मी पिस्टन उचलला. माथ्यावरची काजळी अंगठ्यानं पुसली तर खाली ठोकलेला आकडा निघाला, चाळीस. बुलेटचा पिस्टन, चाळीस थाऊ ओव्हरसाइझ, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढा मोठा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एका अंगाला उभे ओरखडे होते. म्हणजे कुणीतरी गाडी तापवून तापवून मारली होती, आणि तीही तेल न बघता. चहावाला म्हणाला, "सायेब, चिठ्ठ्या." तेव्हा ठेवला.

ही खोड जुनी आहे. दाभोळकर कॉर्नरला सिग्नलला थांबलो की पुढच्या गाडीचा धूर बघतो. निळसर असला की रिंगा गेल्या, काळा असला की पंप नाहीतर नोझल. हे मनातल्या मनात म्हणावं तर तेही जमत नाही. शेजारी बसलेली बायको आता खिडकीबाहेर बघते. टॅपेट वाजणारी गाडी दारावरून गेली तर माझा घास थांबतो. उपयोग काहीच नाही. मला स्वतःला साधं चाक बदलताना घाम फुटतो.

खोड लागली ती काकांच्या बुलेटमुळं. काका गुळाच्या अडतीत होते. गुऱ्हाळाच्या हंगामात करवीर आणि पन्हाळा तालुक्यातली गावं पालथी घालायचे, आणि हंगाम संपून पाऊस लागला की गाडी अंगणातल्या पत्र्याखाली उघडी पडायची. दर दोन-तीन पावसाळ्यांनी तिला 'काम' निघायचंच. मग बिडाचा तो बोअर, म्हणजे सिलिंडर, आजीच्या जुन्या लुगड्यात तान्ह्या पोरासारखा गुंडाळून सायकलच्या कॅरियरवर बांधायचा आणि उद्यमनगरात मेस्त्रींकडं न्यायचा, हे माझं काम. काका मागून चालत. लुगडं कशाला, तर पावसानं गंज धरायला नको.

मेस्त्रींचं दुकान म्हणजे एक लेथ, एक बोअरिंग मशीन, एक होनिंगचं, आणि भिंतीवर एकाशेजारी एक तीन देव: अंबाबाई, जोतिबा आणि जपानी मायक्रोमीटरच्या कंपनीचं कॅलेंडर. अंगात खाकी हाफ पँट, डोक्यावर टोपी, चष्म्याची एक काडी दोऱ्याची. बोअर हातात आला की आधी मायक्रोमीटर नाही, नख. वरच्या टोकाला, जिथवर रिंग पोचते त्याच्या वर, न झिजलेल्या लोखंडाची एक कड राहते. त्या कडेवरनं मेस्त्री नख खाली सरकवत आणि मग काकांकडं बघत.

"जोतिबाला गाडी थर्डातच वडता न्हवं?"

काका गप्प. झीज कधी गोल होत नाही. स्फोटाचा दाब पिस्टनला एका बाजूला रेटतो, म्हणून बोअर पुढं-मागं जास्त खाल्ला जातो आणि लंबगोल होतो. वर जास्त, खाली कमी, म्हणजे निमुळताही होतो. त्यात गाडीवानाचा स्वभाव मिसळतो. चढाला गिअर न पाडता इंजिन रेटणारा, सकाळी चोकवर पळवणारा, एअर फिल्टर धुवायचा आळस करणारा, सगळ्यांची खूण आत राहते. मेस्त्री ती वाचत. नखानं वाचून झालं की डायल गेज घालून खडूनं भिंतीवर आकडे लिहीत, आणि नखानं सांगितलं त्यापेक्षा आकडे वेगळे निघाले असं माझ्या आठवणीत नाही. बहुधा ते नखाला विचारूनच लिहीत असावेत.

मग, "पिस्टन आणलाय?"

बोअर आधी आणि पिस्टन मग, असं करायचं नाही. पिस्टन हातात आला की तो मोजायचा आणि त्याच्या मापानं बोअर मारायचा, म्हणजे आतून खरवडून पुन्हा गोल करायचा. खोक्यावर काय छापलंय त्यावर मेस्त्रींचा विश्वास नसे. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, बोअर बिडाचा. तापला की पिस्टन बिडाच्या दुपटीनं फुगतो, म्हणून मधे जागा सोडायची, इंचाला एक थाऊ. बुलेटचा बोअर पावणेतीन इंचाचा, म्हणजे तीन थाऊच्या आसपास. आपल्या डोक्याचा एक केस दोन-तीन थाऊ भरतो. एवढी जागा कमी पडली तर पिस्टन घाटात चिकटणार, जास्त झाली तर थंड इंजिन खळखळ वाजणार.

शेवटचा कट मारून झाला की मेस्त्री माप घेत नसत. बोअर धुऊन कोपऱ्यात ठेवून देत.

"उद्या ये. गरम लोखंड खोटं बोलतंय."

दुसऱ्या दिवशी निवलेल्या बोअरचं माप, मग होनिंग. होनिंगच्या दगडानं आतल्या भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या तिरक्या रेघा पडतात, आणि त्या रेघांत तेल थांबतं. आरशासारखा गुळगुळीत बोअर बघून मला भारी वाटायचं. मेस्त्री म्हणायचे, त्यो बाद.

पण खरी गंमत क्रँकची, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल गोल फिरवणाऱ्या भागाची. बुलेटच्या क्रँकला दोन जड चाकं, मधे पिन, तिच्यावर कनेक्टिंग रॉड. पिन प्रेसमध्ये दाबून बसवली की दोन चाकं एका रेषेत येतीलच असं नाही. तो सगळा डोलारा लेथच्या दोन सेंटरांत धरायचा, हातानं फिरवायचा, डायलचा काटा कुठं उडतो ते बघायचं, खडूची खूण करायची, आणि खुणेवर तांब्याच्या हातोड्यानं एक घाव. पुन्हा फिरवायचं. घाव किती जोरात, हे कुठल्याही पुस्तकात नाही. बघता बघता वीस थाऊ उडणारा काटा दोनवर येई. दुकानातली पोरं तेवढ्यापुरती रेडिओ बंद करत. मेस्त्रींनी तसं कधी सांगितलं नव्हतं.

बांधलेलं इंजिन पहिल्यांदा चालू करणं हा वेगळाच सोहळा. सिलिंडरातला दाब सोडणारा डीकॉम्प्रेसर दाबून अ‍ॅमीटरचा काटा मधोमध आणायचा, नारळ आधीच फुटलेला, आणि मग किक. टाइट इंजिन उलटी किक मारायचं तेव्हा काका एका पायावर नाचायचे. पुढचे हजारेक किलोमीटर चाळिसाच्या वर पळवायची नाही आणि घाट चढवायचा नाही, ही मेस्त्रींची ताकीद. आता आली का पंचाईत! गाडीला काम झालं की पहिल्यांदा जोतिबाला न्यायची, ही आजीची रीत. जोतिबा डोंगरावर. चार दिवस घरात देव विरुद्ध मेस्त्री असा वाद चालला. शेवटी आजीनंच तोड काढली, नरसोबाच्या वाडीला जाऊ, रस्ता सपाट आहे. तेव्हापासून आमच्याकडं नव्या इंजिनाचा पहिला नमस्कार दत्ताला. येताना बासुंदी. जोतिबानं राग धरला नाही, निदान इंजिनावर तरी.

हे सगळं कोल्हापुरात का मुरलं, याची उत्तरं माणूस बघून बदलतात. नदीकाठचे पंप आणि उसाचे चरक ऑइल इंजिनांवर चालत, ती इंजिनं ऐन गळितात बंद पडत, आणि पुण्या-मुंबईहून माणूस येईपर्यंत रस नासून जाई. म्हणून इथंच कुणीतरी हात काळे करणं भाग होतं. हे माझं उत्तर. काका म्हणायचे, गावाला खुमखुमी आहे, दुसरं काही नाही. तेही पटतं. याच गावात बाबूराव पेंटरांना सिनेमा काढायचा होता तर त्यांनी १९१८ च्या सुमाराला कॅमेराच घडवला. त्यांचं आडनावही मेस्त्रीच. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा लोक महाराजांना मुजरा करतात, आणि उद्यमनगरातली म्हातारी मंडळी मान तिरकी करून इंजिनाचा आवाज ऐकतात. असल्या गाडीचे भाग दुकानात मागून मिळत नसतात.

आता चाळीसबद्दल. ती बिडाची बुलेट नवी असताना स्टँडर्ड. सत्तर मिलिमीटरचा बोअर, नव्वदचा स्ट्रोक, ३४६ सीसी. झिजली की वीस, मग चाळीस, फार तर साठ. पुढं भिंत पातळ होते, मग स्लीव्ह, म्हणजे आतून नवी नळी, ठोकून पुन्हा स्टँडर्डला यायचं. चाळीस थाऊ म्हणजे साधारण एक मिलिमीटर. बोअर एकाहत्तरचा झाला की हिशेबानं तीच गाडी ३५६ सीसीची होते. म्हणजे प्रत्येक दुरुस्तीत इंजिन जरा मोठं होतं, आणि आरसी बुकात मात्र ३४६च. हे पहिल्यांदा वहीत मांडून बघितलं तेव्हा वाटलं होतं की यात काहीतरी खोल दडलंय. अजून सापडलेलं नाही.

सापडलंय ते एवढंच, की त्या इंजिनात दुरुस्तीची जागा आधीच ठेवलेली होती. भिंत जरूरीपेक्षा जाड, का, तर पुढं कधीतरी कुणी मेस्त्री ती खरवडणार. आता बऱ्याच गाड्यांत अ‍ॅल्युमिनियमच्या बोअरवर जेमतेम केसाएवढा कठीण लेप असतो. तो गेला की बोअर मारायला खाली काही नाही, ब्लॉकच बदला. कनेक्टिंग रॉडचं मोठं तोंड पूर्वी कापलेलं असे. सुटा होणारा अर्धा भाग, म्हणजे कॅप, घासून तोंड पुन्हा गोल करता यायचं. आता कारखान्यात रॉड मुद्दाम तडकवतात आणि तडकलेली खडबडीत तोंडं एकमेकांत बसवतात. बसतात ती झकास, पण घासायची सोय गेली. बिडाची बुलेटही २०१० च्या आसपास थांबली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, आले, आणि पंधरा वर्षांच्या गाडीची पुन्हा नोंदणी करायची तर आता फी एवढी, की मालक इंजिनाआधी भंगारवाल्याला भाव विचारतो.

गळा काढावा असं यात काही नाही. नवी इंजिनं लाख-लाख किलोमीटर न उघडता पळतात. काकांना असलं इंजिन मिळालं असतं तर त्यांनी मेस्त्रींचं तोंड बघितलं नसतं. त्या दुकानांत केरोसिननं हातांना भेगा पडत आणि चाळिशीत कान जात. मेस्त्रींचा मुलगा आज गोकुळ शिरगावला व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर आहे. त्याचं मशीन पाच-दहा मायक्रॉनांत काम धरतं. एक थाऊ म्हणजे पंचवीस मायक्रॉन, तेव्हा बापाच्या बारकाईचं कौतुक त्याला सांगायला गेलो तर तो सभ्यपणे हसतो. नव्या गाड्यांचे ब्लॉक, हेड, पिस्टन याच गावात ओतले जातात, घडवले जातात. गाव इंजिनाच्या धंद्यातून उठलेलं नाही. फक्त मुलाच्या हातात येणारा प्रत्येक नग मागच्या नगासारखा असतो. बापाच्या हातात आलेले दोन बोअर कधी एकसारखे झिजलेले नव्हते.

गेल्या दिवाळीत मेस्त्रींच्या घरी गेलो होतो. गाडी दारात लावली. म्हातारा काठी टेकत बाहेर आला, बॉनेट उघड म्हणाला. उघडलं. इंजिनावर काळं प्लॅस्टिकचं झाकण. त्यानं ते झाकण बोटानं ठोकून बघितलं. चालू कर म्हणाला, केलं. कान जवळ नेला, मग हात टेकवला, कारण ऐकू असं फारसं येत नाही. बराच वेळ तसाच उभा होता.

"चांगली हाय," म्हणाला. "बिघडली की इक."

आणि आत जाऊन पेपरातली ऊसदराची बातमी वाचायला लागला.