महूला जाऊ नका, थेट पातालपाणी गाठा

सगळ्यात आधी कामाचं सांगतो. इंदूरजवळच्या घाटातली पातालपाणी–कालाकुंड हेरिटेज गाडी आता महूहून सुटत नाही, पातालपाणीहूनच सुटते. मला तिघांनी छातीठोकपणे सांगितलं होतं की महूलाच बसायचं, आणि त्या भरवशावर आम्ही दोघं रविवारी सकाळी साडेनऊला महू स्टेशनात जाऊन उभे राहिलो. मीटरगेजचा, म्हणजे छोट्या लाईनचा, रूळ शोधतोय, तो कुठे दिसेचना! २०१८ च्या डिसेंबरात ही गाडी सुरू झाली तेव्हा ती महूहूनच सुटायची, हे खरं आहे. पण २०२३ च्या सुरुवातीला महू ते ओंकारेश्वर रोड ही मीटरगेज लाईन ब्रॉडगेजच्या, म्हणजे रुंद रुळांच्या, कामासाठी बंद झाली. नवीन रूळ दुसरीकडून जाणार असल्यामुळे पातालपाणी ते कालाकुंड हा घाटातला दहाएक किलोमीटरचा तुकडा वाचला. तो आता कुठल्याच लाईनला जोडलेला नाही. जुने व्हिडिओ पाहून बेत आखू नका. गाडी बहुतेक पावसाळ्यात आणि शनिवार-रविवारी असते, पण निघण्याआधी आयआरसीटीसीवर त्याच आठवड्याचं बघून घ्या.

आमची धावपळ पाहून रिक्षावाल्याने सहा-सात किलोमीटरचे ७०० सांगितले. घासाघीस करून ५०० वर आला. शुद्ध लूट, पण गाडी चुकायची म्हणून दिले. त्यातही त्याने पार पोचवलं नाहीच. रविवारी पातालपाणीचा धबधबा बघायला सगळं इंदूर लोटतं, मोटारी रस्त्याच्या दोन्ही अंगांना अडकून पडलेल्या, त्यामुळे शेवटच्या दीड किलोमीटरला त्याने उतरवून दिलं. तो दीड किलोमीटर मी विसरणार नाही. वरून पाऊस, खाली काळ्या मातीचा राडा. प्रत्येक पावलाला बुटाखाली बोटभर माती चढायची, ती काठीने खरवडायची की परत तेच. माझ्या बुटाचा तळवाच सुटला. चामडी बूट, पांढरे बूट, चपला, काही चालणार नाही. मागे पट्टा असलेल्या रबरी सँडल घाला. इंदूरहूनच गाडी ठरवा, जाऊन-येऊन एकच रक्कम बोला आणि दहाच्या आत पोचा. शनिवार जमत असेल तर रविवारी जाऊच नका.

एवढं करून कशासाठी जायचं? इंजिनासाठी. धबधबे सह्याद्रीत हवे तेवढे आहेत. मी वाशीमचा. आमच्या छोट्या लाईनवर हिंगोली, वाशीम, अकोला, खंडवा, महू असं करत मीनाक्षी एक्सप्रेस थेट राजस्थानात जायची, आणि तिच्यापुढे असायचं वायडीएम-४ हे मीटरगेजचं डिझेल इंजिन. अमेरिकेच्या अल्को कंपनीचं डिझाइन, सहा सिलिंडर, साधारण १,४०० अश्वशक्ती. १९६८ पासून ही इंजिनं बनारसच्या कारखान्यातही बनू लागली. पूर्णा–अकोला ब्रॉडगेज झालं, मग २०१७ च्या सुरुवातीला धुळघाटात स्वतःच्याच रुळावरून वेढा घेत चढणारी अकोला–खंडवा पॅसेंजरही बंद पडली. एका गाडीने व्हायचा तो प्रवास या वेळी मी भुसावळमार्गे दोन गाड्या आणि एक एसटी करून केला.

वाफेचं इंजिन निवृत्त झालं की त्याला रंग देऊन चौथऱ्यावर ठेवतात. डिझेलच्या वाट्याला बहुतेक वेळा गॅसकटर येतो. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात अल्कोकडून आलेलं पहिलं डब्ल्यूडीएम-२ हे ब्रॉडगेजचं डिझेल इंजिन, क्रमांक १८०४०, नीट जपलंय, पण ते उभं आहे, चालत नाही. काही वर्षांपूर्वी एका यार्डात मी कापलेलं वायडीएम-४ पाहिलं होतं. मधोमध दोन तुकडे केलेले, आणि केबिनमध्ये लोको पायलटची रेक्झिनची खुर्ची तशीच, बसून बसून खोल गेलेली. म्हणून चालतं इंजिन बघायचं तर हा घाट गाठलाच पाहिजे.

तिकीट बिनएसीचंच काढा. एसी डब्याची मोठी काच फोटोंसाठी ठीक आहे, पण आवाज आत येत नाही, म्हणजे पैसे वाया. जाताना उतार आहे, इंजिन नुसतं गुरगुरतं. पातालपाणी सोडल्यावर ब्रेक तपासायला गाडी टंट्या मामांच्या, म्हणजे इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लाच्या, मंदिरापाशी थांबते आणि शिटी देते. चार बोगदे, पूल, चोरल नदी, सगळं सुंदर आहे, तुम्ही बघालच. कालाकुंडला पळसाच्या पानावर कलाकंद मिळतो, तो घ्या. जेवणाची सोय धरून चालू नका, डबा बांधून न्या.

खरी मजा परतीची. १:४० चा चढ. चाळीस मीटर गेलं की एक मीटर वर. पूर्वी खंडव्याकडून आलेल्या गाड्यांना कालाकुंडला मागून बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावायचे, आमच्याही गाडीला मागे इंजिन होतं. मागच्या डब्यात बसा. नॉच, म्हणजे इंजिनाच्या जोराचे टप्पे, वाढत गेले तसा अल्कोचा तो तुटक, जड धडधडाट सुरू झाला आणि टर्बोची शीळ त्याच्यावर चढत गेली. बोगद्यात शिरल्यावर बाकाची फळी थरथरत होती. डिझेलचा तो वास नाकात गेला आणि मी सरळ रडलो. बुटाचं, पाचशे रुपयांचं, सगळं फिटलं.

आधीच्या दिवशी इंदुरात राहिलो, सराफा बाजारातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत खाल्लं, ठीक झालं. या लाईनसाठी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ देणाऱ्या होळकरांचा राजवाडा मात्र वेळ काढून बघा.

पातालपाणीला उतरल्यावर सगळे बाहेर वाहनांकडे पळतात. तुम्ही पळू नका. दहा मिनिटं इंजिनापाशी थांबा, लोको पायलटला विचारा आणि मगच जवळ जा. आमच्या लोको पायलटने हसून मान हलवली. बाजूच्या दारांवरचा रंग पोपडे धरून निघालेला, बिजागरीखालून तेलाचा ओघळ आलेला. पत्र्याला हात लावला, पावसातही चटका बसेल इतका तापलेला होता.